किडनी काढली, मग लाईट का दिली नाही?

या महिन्यात किडनीच्या कॅन्सरवरचीच पत्रं जास्त आलीत, आणि बहुतेकांचा सूर एकच, ऑपरेशननंतर रेडिएशन का दिलं नाही किंवा दिलं तर का दिलं. म्हणून हा अंक त्यालाच देते. मी रेडिएशनच्या विभागात काम करते, म्हणजे लाईट देणं हेच माझं काम, तरी खाली बऱ्याच ठिकाणी "नको" असं लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या सासऱ्यांचं (वय ६१) उजव्या किडनीचं ऑपरेशन झाल्याला दोन महिने होत आले, अख्खी किडनी काढली. लघवीतनं रक्त गेलं म्हणून दाखवलं तर एवढी मोठी गाठ निघाली. रिपोर्टवर स्टेज ३ आहे. सर्जन म्हणालेत आता काही नाही, तीन-तीन महिन्यांनी दाखवायला या. पण शेजारच्या काकींना छातीच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर लाईट दिली, नणंदेच्या सासऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरला पण दिली, मग आमच्याच आप्पांना का नाही? भावकीतले सगळे म्हणालेत डॉक्टरनी हात टेकलेत, दुसरीकडं घेऊन जावा. आप्पा काही बोलत नाहीत पण रात्रभर जागे असतात. रिपोर्टचा फोटो पाठवतेय. — एक सून, निपाणी

ताई, सर्जननी हात टेकलेले नाहीत. रिपोर्ट बघून सांगते, त्यांनी जे सांगितलं ते बरोबर आहे, फक्त एक गोष्ट राहिलीय ती पुढं लिहिते.

आधी तो रिपोर्ट. तुम्ही फोटोत स्टेज ३ वर पेनानं गोल केलाय, पण त्याच्याखालच्या ओळी जास्त महत्त्वाच्या आहेत. गाठ साडेनऊ सेंटिमीटर, प्रकार क्लिअर सेल (किडनीच्या कॅन्सरमधे दहापैकी सातेक जणांचा हाच असतो), ग्रेड ३ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचं माप), रीनल व्हेन इन्व्हेजन प्रेझेंट, म्हणजे किडनीतनं रक्त बाहेर नेणारी जी मोठी शीर असते तिच्यात गाठीचं टोक शिरलं होतं, आणि त्यामुळंच स्टेज ३ झाली, गाठ दुसरीकडं कुठं पसरली म्हणून नाही. आणि सगळ्यात शेवटची ओळ बघा, सर्जिकल मार्जिन फ्री. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर लागलेला नाही, म्हणजे डोळ्याला आणि मायक्रोस्कोपला दिसेल तेवढं सगळं निघालंय. आप्पांना ही ओळ आधी वाचून दाखवा.

आता लाईट का नाही. छातीचा (म्हणजे स्तनाचा) किंवा तोंडाचा कॅन्सर परत आला तर बऱ्याचदा त्याच जागी, त्याच्या शेजारच्या गाठींमधे येतो, म्हणून ती जागा शेकून काढली की फायदा होतो, हे हजारो पेशंटवर बघितलेलं आहे. किडनीचा कॅन्सर परत आला तर तो जास्त करून रक्तातनं लांब जातो, फुफ्फुसात, हाडात, लिव्हरमधे, कधी मेंदूत. जिथनं किडनी काढली त्या रिकाम्या जागेत परत येणाऱ्यांचं प्रमाण त्यामानानं कमी. मग तुम्ही ती रिकामी जागा कितीही शेकली तरी फुफ्फुसात जाऊन बसलेल्या चार पेशींना त्याचं काय होणार?

दुसरं कारण त्या जागेचं आहे. किडनी काढली की ती जागा रिकामी राहत नाही, आतडी सरकून तिथं येऊन बसतात. आप्पांची उजवी बाजू, म्हणजे वर लिव्हर, शेजारी जठराच्या पुढचं लहान आतडं, मागं मणका, आणि पलीकडं आता एकच राहिलेली किडनी. यातल्या प्रत्येकाला किती रेडिएशन सोसतं याची मर्यादा आहे. आणि किडनीच्या कॅन्सरच्या पेशी रोजच्या छोट्या डोसला लवकर मरत पण नाहीत, त्यांना एका वेळी मोठा डोस लागतो, तो आतड्याच्या शेजारी देणं धोक्याचं.

हे कुणी नुसतं डोक्यानं ठरवलेलं नाही, करून बघितलंय. १९७३ ला ब्रिटनमधे ऑपरेशननंतर काही जणांना रेडिएशन आणि काही जणांना नुसती तपासणी अशी तुलना झाली, रेडिएशनवाल्यांचं आयुष्य वाढलं नाही, उलट काहीजण लिव्हरवर परिणाम होऊन गेले. मग डेन्मार्कमधे परत तसाच अभ्यास झाला, १९८७ ला छापून आला, २० वेळात मिळून ५० ग्रे एवढा डोस दिला होता (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप), तिथं पण फायदा दिसला नाही आणि जवळपास निम्म्या लोकांना जठराचा, आतड्याचा, लिव्हरचा मोठा त्रास झाला, त्यातले काही दगावले. आता कुणी म्हणेल ती मशीन जुनी होती, आणि ते खरंच आहे, आजची मशीन आतडं वाचवून पुष्कळ नेमका शेक देतात. पण नंतर सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हासुद्धा त्या जागी परत येण्याचं प्रमाण तेवढं कमी दिसलं, माणूस जास्त जगला असं दिसलं नाही. म्हणून गाठ पूर्ण निघालेली असताना आम्ही लाईट देत नाही. त्रास सगळा द्यायचा आणि आयुष्य एक दिवस वाढवायचं नाही, हे मला पटत नाही.

कडेला कॅन्सर राहिला असेल, गाठ शेजारच्या अवयवाला चिकटून थोडी सोडावी लागली असेल, किंवा त्याच जागी परत आली आणि आता काढता येत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सर्जन, औषधांचे कॅन्सर डॉक्टर आणि आम्ही एकत्र बसून रेडिएशनचा विचार करतो. आप्पांचं तसं नाही.

राहिलेली गोष्ट म्हणजे इम्युनोथेरपी. किमो म्हणून आपण जे ओळखतो ते या कॅन्सरला फारसं लागू पडत नाही, पण पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते कॅन्सरला थेट मारत नाही, आपल्याच शरीराच्या पांढऱ्या पेशींचा ब्रेक काढतं आणि त्या कॅन्सर शोधून मारतात. ९९४ पेशंटवर अभ्यास झाला, सगळे आप्पांसारखे, ऑपरेशन झालेले पण परत येण्याचा धोका जास्त असलेले. २०२१ ला पहिला निकाल आला की कॅन्सर परत यायचं प्रमाण कमी होतं, आणि २०२४ ला कळलं की जगण्यातही फरक पडतो, चार वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्या शंभरात ९१ जण होते, न घेतलेल्या शंभरात ८६. दर तीन आठवड्यांनी एक, जास्तीत जास्त १७, म्हणजे साधारण वर्षभर. त्या अभ्यासात ऑपरेशनपासून बारा आठवड्यांच्या आत सुरुवात केली होती, म्हणून तुम्हाला घाई करायला सांगतेय, आणि अंक छापून येईपर्यंत वेळ जाईल म्हणून हा मुद्दा संपादकांकडनं तुम्हाला आधीच कळवलाय.

पण दुसरी बाजू पण ऐका. औषध लाखांच्या घरात जातं. थायरॉईड बिघडतं, कुणाला जुलाब, कुणाला फुफ्फुसाला सूज, क्वचित जिवावर बेततं. आणि वरचा आकडा परत वाचा, इंजेक्शन न घेतलेल्या शंभरातले ८६ जण पण चार वर्षांनी होतेच. इन्शुरन्समधे किंवा कंपनीच्या मदतीच्या योजनेत बसत असेल तर जरूर घ्या. पण त्यासाठी शेत विकायचं, पोरांचं शिक्षण थांबवायचं अशी वेळ येत असेल तर घरात बसून मोकळेपणानं बोला, आणि नाही घेतलं तर सुनेनं केलं नाही, पोरानं केलं नाही असं भावकीत कुणी म्हणू नये म्हणून मी हे छापून देतेय.

बाकी तपासणी चुकवू नका. छातीचा आणि पोटाचा सीटी पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत वर्षाला एकदा. ऊसतोड आहे, यल्लम्माची जत्रा आहे म्हणून पुढं ढकलायचं नाही. दरवेळी क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि बीपी बघा, एकाच किडनीवर सगळं चाललंय. गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकवाल्या गोळ्या आणून खायच्या नाहीत, पॅरासिटामॉल चालतं. आणि निपाणीत हे लिहिणं जिवावर येतं, निम्म्या घरांची चूल तंबाखूवर पेटते हे मला माहीत आहे, पण आप्पा विडी ओढत असतील तर ती बंद, किडनीच्या कॅन्सरच्या मोठ्या कारणांत विडी-सिगारेट आहे.

ते रात्रभर जागतात म्हणालात. बहुतेक त्यांना कुणी नीट सांगितलंच नसेल आणि भावकीतलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असेल. पुढच्या वेळी सर्जनकडं जाताना त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत घ्या, त्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना विचारू दे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची (वय ५४) डावी किडनी दोन वर्षांमागं काढली. आता महिनाभर पाठ दुखालीय, रात्री झोपलं की जास्त. एमआरआयमधे दहाव्या मणक्यात गाठ दिसली. मोठ्या डॉक्टरनी पाच दिवस रेडिएशन सांगितलंय आणि गोळ्या चालू केल्यात. मोबाईलवर वाचलं की किडनीच्या कॅन्सरला रेडिएशन लागूच पडत नाही. जाऊबाई म्हणाल्या मणक्याला करंट दिला तर पाय जातील. काय करू? — खानापूर तालुका

वैनी, रेडिएशन घ्या, आणि लवकर घ्या.

वरच्या उत्तरात मी नको म्हणाले आणि इथं घ्या म्हणतेय, कारण काम वेगळं आहे. तिथं गाठ निघून गेलेली रिकामी जागा होती, इथं मणक्यात दिसणारी, दुखणारी गाठ आहे. लागू पडत नाही हे जुनं वाक्य अर्धंच खरं आहे, छोट्या डोसला या पेशी दाद देत नाहीत, पण दुखणं कमी करायला हाडावरचं रेडिएशन चांगलं काम करतं. एकदाच ८ ग्रे, किंवा पाच दिवसांत २०, किंवा दहा दिवसांत ३०, अशा ठरलेल्या पद्धती आहेत, आणि हाडाच्या दुखण्यासाठी रेडिएशन घेतलेल्या दहापैकी साधारण सहा जणांना आराम पडतो. एकदोनच जागी गाठ असेल आणि मशीन तसं असेल तर एसबीआरटी म्हणून प्रकार आहे, त्यात थोड्याच वेळात खूप मोठा डोस अगदी नेमका देतात, त्याला या पेशी बऱ्यापैकी दाद देतात. तुमच्या डॉक्टरना विचारा की आमच्यात ते बसतं का.

पाय जातील ही भीती उलटी आहे. मणक्यातली गाठ वाढून मज्जारज्जूवर दाबली तर पाय जातात, आणि ते होऊ नये म्हणून तर रेडिएशन द्यायचं. मज्जारज्जूला किती डोस जातोय हे आम्ही मोजूनच देतो, प्लॅन पास झाल्याशिवाय मशीन चालूच होत नाही. यात करंट, शॉक असलं काही नसतं. पहिल्या दिवशी सीटीच्या टेबलावर उताणं झोपवतात, पोटावर आणि कडेला मार्करनं फुल्या काढतात, कुठं कुठं सुईनं बारीक ठिपका गोंदतात, त्या पुसायच्या नाहीत, अंघोळीला साबण घासायचा नाही. मग मशीनवर रोज दहापंधरा मिनिटं. आत एकटंच असतात पण कॅमेऱ्यातनं आम्ही बघत असतो आणि बोलता येतं. दुखतंय म्हणून टेबलावर सरळ झोपता येत नसेल तर आधी सांगा, अर्धा तास आधी दुखण्याची गोळी देऊन झोपवता येतं, हे सांगायला लोक लाजतात आणि आत जाऊन तळमळतात.

पहिले दोनतीन दिवस दुखणं थोडं वाढू शकतं, घाबरून बंद करू नका. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात, लगेच काही दिसलं नाही म्हणून पैसे वाया गेले असं समजू नका. तोपर्यंत मॉर्फीनची गोळी लिहून दिली तर द्या, सवय लागेल म्हणून माणसाला रात्रभर कण्हत ठेवायचं कारण नाही, पोट साफ व्हायचं औषध बरोबर चालू ठेवा कारण मॉर्फीननं शौचाला घट्ट होतं. कॅन्सरच्या ज्या गोळ्या चालू केल्यात, सुनिटिनिब, पॅझोपॅनिब असलं काही नाव असेल, ती चिठ्ठी रेडिएशनच्या डॉक्टरना दाखवा, काही वेळा लाईटच्या दिवसांत त्या थांबवतात. हाडासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगितलं तर आधी क्रिएटिनिन आणि दात दोन्ही तपासून घ्या.

आणि हे फ्रीजवर चिकटवून ठेवा. पाय जड पडतायत, चालताना अडखळतंय, कमरेखाली बधिर वाटतंय, लघवी अडकली किंवा कळेना झाली, यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी, रात्री असली तरी, मोठ्या दवाखान्यात जायचं. सकाळी बसनं जाऊ, सोमवारी ओपीडीत दाखवू असं करायचं नाही. पाय पूर्ण गेल्यावर परत येणं अवघड असतं, थोडी ताकद असताना पोचलं तर बहुतेकांचे वाचतात.

प्रश्न : आईची रेडिएशन चालू आहे, घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. बाळाला तिच्याजवळ द्यावं का? वेगळी भांडी ठेवलीत. — अथणी

द्या बाळ तिच्या मांडीवर. मशीननं बाहेरनं दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही राहत नाही. भांडी, अंथरूण, संडास काही वेगळं करू नका, त्यानं माणूस आतनं खचतं.

प्रश्न : वडिलांचं वय ७८, हृदय कमजोर, भूल देता येत नाही म्हणालेत. किडनीत पाच सेंटिमीटरची गाठ आहे. ऑपरेशनऐवजी लाईट देऊन जाईल का? — वडगाव, बेळगाव

हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं. आता म्हणते, विचार करण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधे ऑपरेशन न झेपणाऱ्या ७० पेशंटना किडनीच्या गाठीवर एसबीआरटी दिली, निकाल २०२४ ला आला. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकदाच २६ ग्रे, त्याहून मोठीला तीन वेळात मिळून ४२ ग्रे. वर्षभरानं बघितलं तर एकाचीही गाठ त्या जागी वाढली नव्हती. एवढ्या म्हाताऱ्या, आजारी लोकांत हा निकाल फार चांगला आहे. पण गाठ विरघळून गायब होत नाही, हळूहळू आकसते किंवा तशीच गप पडून राहते, सीटीत ती दिसत राहिली म्हणून फेल गेलं असं नाही. त्या किडनीचं काम थोडं कमी होतं. आणि श्वासाबरोबर किडनी वरखाली होते, ते धरून शेक देणारं मशीन आणि रोज करणारी टीम लागते, जिथं हे नेहमी होतं तिथंच करा. आधी बायोप्सी होऊन कॅन्सर आहे हे पक्कं होऊ दे. वडिलांना काही त्रासच नसेल आणि गाठ हळू वाढत असेल तर सहा महिन्यांनी नुसता स्कॅन करून बघत राहणं हा पण मार्ग आहे, त्या वयात मला तो कमीपणाचा वाटत नाही.

प्रश्न : आम्ही चिकोडीकडचे. रेडिएशनला बेळगावला जावं, मिरजेला की कोल्हापूरला? कुठलं कार्ड चालतं? — एक वाचक

हाडाच्या पाचदहा दिवसांच्या साध्या रेडिएशनला जे जवळ पडेल ते धरा, चिकोडी-अथणीकडनं मिरज, निपाणीकडनं कोल्हापूर, खानापूर-बेळगावकडनं बेळगाव, रोजचा प्रवास दुखणाऱ्या मणक्याला सोसत नाही. तिन्हीकडं सोय आहे, बेळगावात केएलईचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटल २०२५ पासून आहे. अवघड केसला दुसरं मत पाहिजे असेल तर बेंगळुरूचं किदवाई किंवा मुंबईचं टाटा.

कर्नाटकचं रेशनकार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, एपीएलला खर्चाचा ३० टक्के भाग मिळतो, तोही दीड लाखापर्यंत. तातडीची केस नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, ती आधी घ्या नाहीतर काउंटरवरनं परत पाठवतात. महाराष्ट्र सरकारनं पण २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि त्या दवाखान्यात ती चालते का हे तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. कानडी येत नसेल तर कानडी बोलणारं कुणीतरी बरोबर न्या, फॉर्मवरचं नाव आधारशी एक अक्षर जरी जुळलं नाही तर दिवस मोडतो.

जाताना नुसता रिपोर्ट नको. ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड, सीटीची सीडी, आणि जिथं ऑपरेशन झालं तिथनं तपासलेल्या गाठीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. साधा अर्ज दिला की देतात, एकदोन दिवस लागतात. ब्लॉक फ्रीजमधे ठेवायचा नाही आणि उन्हात गाडीच्या डिकीत पण नाही, मेण असतं, कागदात गुंडाळून डब्यात घाला.